इंजिनाविना जेट: टेकडीच्या वाऱ्यावर उडणारी विमाने कशी बनतात आणि मराठवाड्यात ती कुठे उडतील

उदगीर, देगलूर, निलंगा या भागात जेट विमानाचा आवाज कोणाला नवा नाही. शेजारी बीदरला हवाई दलाचा तळ आहे. तिथे हॉक विमानांवर वैमानिक तयार होतात आणि सूर्यकिरण हे कसरतपथकही तिथलेच. याच विमानांच्या मीटर-सव्वा मीटरच्या प्रतिकृती टेकडीच्या कडेवरून हाताने फेकायच्या आणि अर्धा-पाऊण तास हवेत ठेवायच्या, असे व्हिडिओ आता फोनवर फिरू लागले आहेत. ते पाहणारा प्रत्येक जण विचारतो की इंजिन कुठे लपवले आहे.

इंजिन नसतेच. मोटर नसते, आत पंखाही नसतो. बॅटरी असते ती फक्त रेडिओसाठी आणि शेपूट-पंखांवरच्या झडपा हलवण्यासाठी. या प्रकाराला पॉवर स्केल सोअरिंग म्हणतात. खऱ्या इंजिनवाल्या विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायची, पण उडवायची ती ग्लायडरसारखी, केवळ उतारावर चढणाऱ्या वाऱ्याच्या बळावर. ब्रिटनमध्ये हा छंद रुजला. वेल्समधील लँडुडनोजवळचा ग्रेट ऑर्म हा समुद्रकाठचा डोंगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. मराठवाड्याला समुद्र नाही, पण या छंदाला लागणारा कोरडा, सलग वाहणारा वारा इथे पावसाळ्यातसुद्धा मिळतो. तो नेमका कुठे मिळतो आणि त्यात टिकेल असे विमान कसे बांधायचे, ते इथे क्रमाने पाहू.

## विमान वर कशाने राहते?

मोकळ्या रानातून येणारा वारा टेकडीला अडला की त्याला वर चढावेच लागते. टेकडीसमोर हवेचा एक तिरपा, वर जाणारा पट्टा तयार होतो. ग्लायडर मात्र सतत खाली येत असते. पुढे सरकण्याचा वेग ते उंची खर्चूनच मिळवते. हवा ज्या वेगाने वर चढते तो वेग विमानाच्या उतरण्याच्या वेगापेक्षा जास्त असला, की विमान हवेच्या मानाने उतरत असले तरी जमिनीच्या मानाने चढते.

आकड्यात पाहू. सव्वा किलोचे प्रतिकृती-जेट सेकंदाला साधारण 13 मीटर वेगाने पुढे जाते आणि दर नऊ-दहा मीटरला एक मीटर उतरते. म्हणजे सेकंदाला जवळपास दीड मीटर घसरण. आता 30 अंशांच्या उतारावर सेकंदाला 8 मीटरचा वारा, म्हणजे ताशी 29 किलोमीटर, थेट समोरून आला तर कागदावर हवा सेकंदाला 4 मीटर वर चढते. प्रत्यक्षात गवत, दगड, झुडपे यांच्यामुळे हा आकडा बराच कमी भरतो. तो निम्मा उरला तरी विमान तरंगते. वारा ताशी 15 किलोमीटरवर आला की गणित फिरते. साधा फोमचा हलका ग्लायडर तेव्हाही उडत राहील, जेट मात्र खाली दरीत जाईल.

यंत्र हातात नसेल तर झाडाकडे पाहावे. लिंबाच्या लहान फांद्या सतत हलत आहेत आणि धूळ उडते आहे, तर वारा ताशी 20 ते 28 किलोमीटर असतो. लहान झाडे सबंध डोलू लागली की 29 ते 38. जेटसाठी दुसरी स्थिती चांगली. त्याच्या पुढे वारा गेला तर नवख्याने विमान गाडीतच ठेवावे.

## असा वारा मराठवाड्यात कधी आणि कुठल्या उतारावर?

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे आणि नैर्ऋत्येचे वारे घाटमाथ्यावर पाऊस टाकून पुढे येतात. पाऊस तिकडेच राहतो, वारा मात्र इथवर पोचतो. शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे ते ढगाळ, कोरडे, वाऱ्याचे दिवस या छंदाला सर्वांत योग्य असतात. ढगांमुळे ऊन कमी, त्यामुळे जमीन तापून उठणारे झोतही कमी आणि वारा दुपारी चार-चार तास एकाच दिशेने वाहतो. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यामुळेच.

मग चूक कुठे होते? देखणा कडा निवडण्यात. अजिंठा डोंगररांगेचा सरळसोट उतार बहुतेक ठिकाणी उत्तरेला, खानदेशाकडे तोंड करून आहे. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना हे स्पष्ट दिसते. बीड जिल्ह्यात बालाघाटाची मोठी उतरणही उत्तरेला, गोदावरीच्या खोऱ्याकडे आहे. जुलैत नैर्ऋत्येचा वारा सुटला असताना या कड्यांवर उभे राहिले तर वारा पाठीमागून येतो. समोर शेदोनशे मीटरची दरी दिसते, उडवायला जागाच जागा वाटते, पण त्या दरीत हवा खाली कोसळत असते. तिथे फेकलेले विमान वर येत नाही.

पावसाळ्यात हवा तो पश्चिम किंवा नैर्ऋत्येला तोंड असलेला उतार. धाराशिव-तुळजापूर भागात पठार नैर्ऋत्येकडे उतरते, तिथे असे उतार सापडतात. इतरत्र मुख्य रांगेतून बाहेर आलेल्या सोंडा, नदीखोऱ्यांच्या पूर्व काठावरच्या टेकड्या आणि गावाबाहेरची एकटी माळरानी टेकडी पाहावी. फार उंची लागत नाही. पन्नास ते ऐंशी मीटर पुरे, पण टेकडीची रांग वाऱ्याला आडवी, निदान तीनशे मीटर लांब असावी. एकट्या शंकूसारख्या टेकडीला वारा वरून न जाता दोन्ही बाजूंनी वळसा घालून निघून जातो. वारा उताराच्या नाकासमोरून वीस-पंचवीस अंशांपर्यंत कलला तरी चालते, त्यापलीकडे नाही. आणि समोर किलोमीटरभर तरी मोकळे रान असावे. समोर दुसरी टेकडी असेल तर वारा तिथेच मोडून येतो.

हिवाळ्यात ईशान्येचा वारा येतो. तेव्हा उत्तरेकडचे कडे तोंडावर येतात, पण तो वारा बहुतेक वेळा जेटला पुरेल इतका नसतो. त्या दिवसांत हलके फोमचे ग्लायडर उडवून हात तयार करावा. एप्रिल-मे हा सगळ्यांत फसवा काळ. वारा आहे असे वाटते, पण ती वावटळीची हवा असते. दहा मिनिटे जोर, मग एकदम शांतता, मग दुसऱ्याच दिशेने झोत. हलक्या ग्लायडरला हे चालते. जड, पातळ पंखाच्या जेटला चालत नाही.

## सरळ कडा म्हणजे जास्त चढाव, असे नाही का?

ही समजूत सर्वांत जास्त विमाने मोडते, म्हणून इथे थोडे थांबू.

दख्खनच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. बेसाल्टचा कठीण थर उभा राहतो, मधला मऊ थर झिजून उतार होतो, आणि माथा टेबलासारखा सपाट. अशा माथ्याच्या धारदार कडेवर वर चढणारी हवा कडेलाच सुटते आणि तशीच वर निघून जाते. सपाट माथ्यावर, कडेच्या मागे, ती चिकटत नाही. तिथे हवेचा आडवा भोवरा तयार होतो आणि जमिनीलगत वारा चक्क उलटा, कडेकडे वाहतो. ग्लायडर उडवणारे त्याला रोटर म्हणतात. कडेसमोर भरपूर चढाव असतो, पण उतरायला यायचे तर याच रोटरमधून यावे लागते. जमिनीपासून तीन-चार मीटरवर विमानाचा समोरचा वारा अचानक नाहीसा होतो, पंखाची उचल जाते आणि नाक काळ्या दगडावर आपटते.

तपासायला सोपे आहे. दीड मीटरच्या काठीला अर्ध्या मीटरची हलकी रिबीन बांधा. आधी कडेवर धरा, मग पाच, दहा, वीस, चाळीस पावले मागे जात पाहा. रिबीन उलटी फिरते किंवा गोल फडफडते तिथे रोटर आहे. ती पुन्हा सलग मागे उडू लागते तिथून पुढे उतरायची जागा धरावी. उभ्या कड्याच्या माथ्यावर ही जागा कधी कधी शंभर पावले मागे निघते. ज्या टेकडीचा माथा गोलसर आहे आणि उतार 25 ते 40 अंशांचा, गवताळ आहे, तिथे रोटर लहान असतो. दिसायला ती सामान्य टेकडी असते. निवडावी तीच.

## विमान जितके हलके तितके चांगले उडेल ना?

खळ्यावर उफणताना दाणा आणि भुसा एकाच सुपातून, एकाच वाऱ्यात पडतात. भुसा वाहत जातो, दाणा खाली टिकतो. टेकडीवरच्या विमानाचेही तसेच आहे. फार हलके विमान जोराच्या वाऱ्यात पुढे घुसू शकत नाही. ते मागे ढकलले जाते आणि माथ्यावरून पलीकडे, पडत्या हवेत जाते.

म्हणून वजन एकटे पाहत नाहीत. वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, म्हणजे पंखभार पाहतात. तो एका चौरस डेसिमीटरला, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाला, किती ग्रॅम वजन आले असा मोजतात. हलक्या फोम ग्लायडरचा पंखभार 15 ते 25 ग्रॅम असतो. प्रतिकृती-जेट 40 ते 55 च्या दरम्यान ठेवतात. 35 च्या खाली ते वाऱ्यात झुलते आणि जेटसारखे दिसत नाही. 60 च्या वर गेले की उतरण्याचा वेग नवख्याच्या आवाक्याबाहेर जातो.

इथे आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. परदेशी आराखड्यांतले आकडे समुद्रकाठच्या थंड हवेतले असतात. बालाघाटाच्या माथ्यावर 800 मीटर उंची आणि 30 अंश तापमान धरले तर हवा त्याच्यापेक्षा साधारण 13 टक्के विरळ भरते. तेच विमान इथे तरंगायला सहा-सात टक्के जास्त वेगाने उडवावे लागते. आराखड्यात 50 ग्रॅम पंखभार लिहिला असेल तर इथे 44-45 वर बेत करावा.

## पहिले जेट कोणते निवडावे?

मनात मिग-21 असते, हे समजण्यासारखे आहे. पण त्याची खरी पंखरुंदी, म्हणजे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, 7.15 मीटर. 1:12 प्रमाणात केले तर जेमतेम 60 सेंटिमीटरचे त्रिकोणी पंख मिळतात. ते कमी वेगात फार उचल देत नाहीत आणि चूक झाली की सावरायला वेळही देत नाहीत. मारुत सुंदर आहे, भारतात विकसित झालेले पहिले लढाऊ जेट, 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालेले. पण लांबी 15.87 मीटर आणि पंखरुंदी 9 मीटर असल्याने तेही पुढच्या टप्प्यावरचे.

पहिले जेट म्हणून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे किरण निवडावे. सप्टेंबर 1964 मध्ये पहिल्यांदा उडालेले हे प्रशिक्षण-विमान. सूर्यकिरण पथक 1996 पासून 2011 पर्यंत यावरच कसरती करत होते, 2015 पासून हॉकवर. किरणचे पंख जवळपास सरळ आहेत, मागे झुकलेले नाहीत. पंखरुंदी 10.70 मीटर, लांबी 10.60 मीटर, पंखक्षेत्र 19 चौरस मीटर. 1:9 प्रमाणात पंखरुंदी 119 सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस डेसिमीटर होते. वजन 1100 ग्रॅम ठेवले तर पंखभार 47 ग्रॅमच्या आसपास. दुसरे विमान म्हणून हॉक घ्यावे. 9.94 मीटरची पंखरुंदी त्याच प्रमाणात 110 सेंटिमीटर होते आणि पंख थोडेच मागे झुकलेले आहेत.

मात्र आयुष्यातले पहिलेच रेडिओ-विमान म्हणून जेट कधीच घेऊ नये. आधी ईपीपी फोमचे, शेपूट नसलेले, न मोडणारे ग्लायडर त्याच टेकडीवर उडवून उतरवता आले पाहिजे. ईपीपी म्हणजे दाबले तरी पुन्हा फुगणारा, रबरासारखा फोम. थर्माकोल दगडावर फुटतो, हा उसळतो.

## बांधणी: पंख आधी, धड नंतर

पंख कापायला तापलेली तार वापरतात. 0.4 मिलिमीटरची नायक्रोम तार 65 सेंटिमीटरच्या धनुकलीत ताणून बसवा. 12 व्होल्टवर ती साधारण 2 अँपिअर घेते आणि फोम मऊपणे कापते. तार लाल झाली तर ती जास्त तापली आहे, फोम आतून खात जाईल. पंखाच्या बुडाचा आणि टोकाचा आकार सनमायकाच्या तुकड्यांवर कोरून घासून घ्या. तार त्या कडेवरून सरकते, म्हणून कडेवरचा बारीक ओरखडाही पंखावर उमटतो. पंखाचा छेद मॉडेल-विमानांसाठीच्या आरजी-15 किंवा एसडी-6060 या छेदांसारखा, नऊ-दहा टक्के जाडीचा घ्यावा. खऱ्या किरणचा छेद तसाच्या तसा लहान करू नये. लहान पंखावर हवा वेगळी वागते. बाह्यरेषा प्रमाणात ठेवा, छेद मॉडेलचा ठेवा.

फोमची वरची आणि खालची कापलेली साल फेकू नका. पुढच्या कामात तीच साचा होते.

पंखाच्या कण्यासाठी 6 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची कार्बन नळी, डाव्या पंखापासून उजव्या पंखापर्यंत, धडातून आरपार. खाच तापलेल्या तारेने किंवा ब्लेडने करून नळी इपॉक्सीने बसवावी. मागची कड बाल्सा लाकडाच्या पट्टीची, त्यातूनच ऐलेरॉन कापायचे. ऐलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरची झडप, विमान डावी-उजवीकडे कलवणारी.

आता आवरण. खाकी कागद आणि पांढरे फेविकॉल हा या छंदातला जुना, स्वस्त आणि भक्कम उपाय आहे. फेविकॉलमध्ये तिसरा हिस्सा पाणी मिसळा, कागदाला लावा, पाच मिनिटे मुरू द्या आणि पंखावर बसवा. दोन्ही बाजू एकाच बैठकीत चढवा. कागद सुकताना आकसतो. एकच बाजू आधी चढवली तर पंख केळीच्या पानासारखा मुरडतो आणि मग सरळ होत नाही. ओला पंख त्याच राखून ठेवलेल्या सालींच्या मध्ये ठेवून सपाट टेबलावर विटांनी दाबा. मे महिन्यात हे रात्रीत सुकते. जुलैच्या दमट हवेत पूर्ण दोन दिवस द्या. बाहेरून कोरडे दिसते, आत ओल असते आणि घाईत काढलेला पंख आठवड्याने पिळवटतो. म्हणून बांधणी उन्हाळ्यात, उडवणे पावसाळ्यात, हा क्रम चांगला.

थर्माकोल किंवा निळा फोम वापरत असाल तर पिवळे रबरी सोल्युशन, पॉलिस्टर रेझिन, थिनर आणि साधा स्प्रे रंग दूर ठेवा. चारही गोष्टी फोम विरघळवतात. पांढरे फेविकॉल, इपॉक्सी आणि पाण्यातले रंग चालतात.

धडासाठी फोमचे ठोकळे आडव्या छेदांच्या फर्म्यांमध्ये चिकटवून घासून आकार देतात. पंख बसतो तिथे 3 मिलिमीटर प्लायच्या दोन आडव्या चौकटी लागतात. उतरताना सगळा धक्का तिथेच येतो. पोटाखाली नाकापासून पंखापर्यंत दोऱ्याची चिकटपट्टी लावावी. आपल्या टेकड्यांवर गवतात दगड असतोच. हवा आत घेणारी तोंडे बंद ठेवून काळी रंगवावीत. उघडी ठेवली आणि मागे वाट दिली नाही तर ती ब्रेकसारखी अडवतात. शेपटीचा आडवा पंख प्रमाणापेक्षा दहा-पंधरा टक्के मोठा करा. पाहणाऱ्याला कळत नाही, उडवणाऱ्याला फार फरक पडतो.

वजनाचा अंदाज असा ठेवावा: पंख 325 ग्रॅम, धड 375, शेपूट 60, रेडिओ-बॅटरी-सर्व्हो 200, नाकातले शिसे 125. बेरीज 1085. सर्व्हो म्हणजे झडपा हलवणारी छोटी मोटर. प्रत्येक टप्प्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. शेवटी कळले तर कमी करता येत नाही.

रंगाबद्दल एक आग्रह. लष्करी राखाडी छटा ढगाळ आभाळात दोनशे मीटरवर दिसेनाशी होते आणि विमान येते आहे की जाते आहे हे कळत नाही. पोट गडद, पाठ उजळ ठेवा. सूर्यकिरणसारखा लाल-पांढरा रंग या कामाला उत्तम. गडद पाठीचे फोम-विमान मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये, आवरण सुटून फुगवटे येतात.

## तोल: दोन मिलिमीटरनेही फरक का पडतो?

विमान ज्या बिंदूवर टेकवले असता आडवे राहते तो तोलबिंदू. तो ठरावीक जागेच्या मागे गेला की विमान हातातून सुटताच नाक वर करते, वेग गमावते आणि एका पंखावर कोसळते. वेग कमी होऊन पंखाची उचल अशी अचानक जाण्याला स्टॉल म्हणतात. बहुतेक नवी जेट पहिल्या दहा सेकंदांत मोडतात ती याच कारणाने.

जागा अशी काढा. समजा पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी बुडाशी 250 मिलिमीटर आणि टोकाशी 140. दोन्हींची बेरीज 390. दोन्हींचा गुणाकार 35,000, त्याला 390 ने भागले की 90. 390 मधून 90 वजा केले की 300, त्याचे दोन-तृतीयांश 200. ही पंखाची सरासरी रुंदी. 119 सेंटिमीटरच्या पंखावर ती मध्यरेषेपासून 27 सेंटिमीटरवर सापडते. त्या ठिकाणी पुढच्या कडेपासून 25 टक्के, म्हणजे 50 मिलिमीटर मागे तोलबिंदू. दोन्ही पंखांखाली तिथे खूण करा आणि बोटांवर टेकवून पाहा. नाक किंचित खाली राहिले पाहिजे.

शेपटीचे वजन महाग पडते. तोलबिंदूपासून शेपूट 62 सेंटिमीटर आणि नाकातली शिशाची जागा 37 सेंटिमीटर असेल, तर शेपटीवर चढलेल्या प्रत्येक 10 ग्रॅमला नाकात 17 ग्रॅम घालावे लागतात. म्हणून शेपटीवर रंगाचा दुसरा हात देऊ नका. चार सेलची निकेल बॅटरी नाकाच्या टोकात ठेवली तर तिचे शंभरएक ग्रॅम शिशाचेच काम करतात.

पहिल्या उड्डाणानंतर पुरेशा उंचीवर विमान तीस-चाळीस अंश खाली वळवून रेडिओवरची काठी सोडून द्या. ते झटक्याने वर आले तर नाक जड आहे. आणखी खाली घुसू लागले तर शेपूट जड आहे, ताबडतोब काठी ओढून नाक वर घ्या आणि उतरवा. हळूहळू सरळ झाले तर बरोबर. शिसे एका वेळी इतकेच हलवा की तोलबिंदू दोन-तीन मिलिमीटर सरकेल.

## रेडिओ आणि झडपा

चार चॅनेलचा 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ पुरतो. ऐलेरॉनला दोन धातूच्या दात्यांचे 9 ते 12 ग्रॅमचे सर्व्हो, एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीवरच्या वर-खाली नेणाऱ्या झडपेला, 17 ग्रॅमच्या वर्गातला एक. उभ्या शेपटीची झडप पहिल्या विमानात कायमची बंद ठेवा. जेट कलवून आणि ओढूनच वळते. ऐलेरॉन वर 11 आणि खाली 6 मिलिमीटर, एलिव्हेटर दोन्हीकडे 5 ते 6, आणि रेडिओत 30 टक्के एक्स्पो, ज्यामुळे काठीच्या मध्याजवळ हालचाल मऊ होते.

झडप बोटाने हलवून पाहा. मागच्या कडेला एक मिलिमीटरपेक्षा जास्त ढिलाई असेल तर उडवू नका. ताशी शंभर किलोमीटरच्या सुरकांडीत ती झडप फडफडू लागते आणि सेकंदात पंखासकट निघते. रिसीव्हरची अँटेना कार्बन नळीपासून दूर न्या, कार्बन रेडिओलहरी अडवतो.

## मोटर बसवली तर सोपे होणार नाही का?

होईल, पण तो वेगळा छंद आहे. धडात विजेचा बंदिस्त पंखा, मोठी बॅटरी आणि वेगनियंत्रक घातला की वजन सहज पाचशे ग्रॅमने वाढते, पंखभार 65 च्या वर जातो आणि चार-पाच मिनिटांत बॅटरी संपते. उतारावर तेच विमान मोटरशिवाय वारा असेपर्यंत उडते. शिवाय आवाज नसतो, चरणारी जनावरे बुजत नाहीत.

## परवानगी लागते का?

ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांचा वेगळा उल्लेख आहे. त्यांना प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचे विमान व्यवसायासाठी नसेल तर वैमानिक परवानाही लागत नाही. जागा मात्र सरकारी हवाई नकाशावर हिरव्या पट्ट्यात असली पाहिजे. तिथे जमिनीपासून 120 मीटरपर्यंत उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 60 मीटर आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि बीदरच्या आसपास हे आधी पाहावे. नियम आणि नकाशा दोन्ही बदलत असतात, म्हणून नोंदणीसह सर्व गोष्टी निघण्याच्या दिवशीच तपासाव्यात.

टेकडीवर एक गोष्ट सहज निसटते. उंची विमानाखालच्या जमिनीपासून मोजतात, तुमच्या पायापासून नाही. समोर दीडशे मीटर खोल दरी असेल तर डोळ्यांच्या पातळीवर दूर उडणारे विमानही मर्यादेबाहेर गेलेले असते. लहान टेकडी निवडण्याचे हे आणखी एक कारण.

किल्ले आणि लेण्यांचा परिसर, गौताळा किंवा येडशी-रामलिंग यांसारखी अभयारण्ये वगळावीत. पवनचक्क्यांपासून आणि त्यांच्या तारांपासून निदान अर्धा किलोमीटर लांब राहावे, पात्यांमागची हवाही घुसळलेली असते. उताराखाली शेरडं-मेंढरं चारणारे लोक आहेत का पाहावे आणि ज्यांचे रान आहे त्यांना आधी विचारावे. विमान तुरीत किंवा कपाशीत पडले तर शोधायला त्यांच्याच शेतातून जायचे असते. गडगडाट ऐकू आला की ताबडतोब माथा सोडावा. मोकळ्या टेकडीवर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

## फेक, पहिल्या फेऱ्या आणि उतरणे

पहिल्या दिवशी दोघे हवेत. एक फेकायला, एक रेडिओवर. फेकण्याआधी रेडिओचे अंतर तपासा, ऐलेरॉनची दिशा मागून पाहून खात्री करा: काठी उजवीकडे नेली की उजवा ऐलेरॉन वर. ही उलटी जोडणी फार वेळा होते.

फेकणाऱ्याने रोटरमध्ये न राहता अगदी कडेवर, वारा तोंडावर घेऊन उभे राहावे. पंख सपाट, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, आणि भाल्यासारखी जोरदार सरळ फेक. नाक वर करून फेकण्याचा मोह सगळ्यांना होतो, त्यातूनच स्टॉल होतो. सुटल्यावर तीन सेकंद काहीही वळवू नका, वेग येऊ द्या. मग टेकडीला समांतर वळा आणि दोन्ही टोकांना दरीच्या बाजूला वळत आडवा आठ काढत राहा. टेकडीकडे तोंड करून वळण कधीही घेऊ नका. मागचा वारा विमानाला जमिनीच्या मानाने बऱ्याच जास्त वेगाने दगडांवर नेतो. विमान खाली घसरू लागले तर ओढून वर काढायचा प्रयत्न उलटा पडतो. नाक थोडे खाली देऊन वेग घ्या आणि टेकडीजवळच्या पट्ट्यात परत या, चढाव तिथे जास्त असतो.

उतरण्यासाठी पुरेशी उंची घेऊन विमान बाजूने माथ्याच्या मागे न्यायचे, रिबिनीने शोधलेल्या जागेपलीकडे, आणि पुन्हा वाऱ्यात वळवून सरळ आणायचे. दोन्ही ऐलेरॉन एकदम आठ-दहा मिलिमीटर वर उठतील असे एक बटण रेडिओत ठेवा. उचल कमी होते, विमान तरंगत न राहता खाली येते. हे बटण दाबल्यावर नाक कुठे जाते ते आधी उंचीवर पाहून एलिव्हेटरची भरपाई जुळवून घ्या. शेवटच्या पाच मीटरमध्ये वेग कमी करू नका. विमान जमिनीपासून हातभर उंचीवर येईपर्यंत वेग ठेवायचा, मगच ओढायचे.

पोटावर घसरून थांबले की पुन्हा फेकण्याआधी पंखाच्या बुडाशी कागदाला आडवी सुरकुती पडली आहे का ते पाहा. सुरकुती असेल तर आतला फोम चिरलेला किंवा नळी सुटलेली असते. मग त्या दिवशी विमान पुन्हा उडवू नका. घरी कागद कापून नळीभोवती नवे इपॉक्सी भरा, वर दुहेरी कागद चढवा आणि तोलबिंदू नव्याने तपासा, कारण दुरुस्तीचे वीस ग्रॅमसुद्धा तोल हलवतात.